रिंगकडे पाठ

सरांनी चेंडू रिंगमधून पडताना कधीच पाहिला नाही. मुलगी फ्री थ्रोच्या रेषेवर उभी राहिली आणि तिने चेंडू दोनदा आपटला, की ते रिंगकडे पाठ करून उभे राहत आणि कॉलेजच्या कुंपणाकडे बघत.

"डोळ्याला आशा असते, बाय," ते म्हणत. "बाहेर गेलेला बॉल पण त्याला आत जाताना दिसतो. कानाला आशा नाय."

आमच्या रिंगला जाळी नव्हती. जव्हारच्या पावसात जाळी एका मोसमात कुजते, त्यामुळे सरांनी ती लावायचंच सोडून दिलं होतं. 'टण' म्हणजे रिंगला लागला. 'धप्प' म्हणजे मागच्या फळीवर. आणि काहीच आवाज न येता थोड्या वेळाने मुरमावर चेंडू पडल्याचं ऐकू आलं, तर आत. तेवढ्या शांततेपुरता सरांचा चेहरा मऊ व्हायचा. तो मला दिसायचा, कारण मी कुंपणाजवळ वही घेऊन बसायचे.

मी खेळाडू नव्हते. माझी आई जव्हारला नर्स म्हणून बदलून आली आणि नाशिकच्या इंग्रजी शाळेतून मी थेट इथल्या कॉलेजात आले. पहिले सहा महिने मी वर्गात कोणाशी बोलले नाही. सरांनी मला बघितलं ते लायब्ररीत, एकटीच बसलेली. "गुण लिहिशील का?" एवढंच विचारलं. मी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून माझं नाव 'मुनी' पडलं, कारण मी मौनात असे. मला मराठी आकड्यांत एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांचा आजही गोंधळ होतो. त्यामुळे "मुनी, किती झाले?" असं त्यांनी विचारलं की मी वहीच त्यांच्यासमोर धरायचे.

ते कॉलेजचे क्रीडाशिक्षक होते, मूळचे खोडाळ्याकडचे, आणि स्वतः बास्केटबॉलचा एकही सामना खेळलेले नव्हते. त्यांचा खेळ लांब उडीचा. बास्केटबॉल ते एका जुन्या पुस्तकातून शिकले आणि त्या पुस्तकाची शेवटची काही पानं वाळवीने खाल्ली होती. "पुढचं आपण रचलं," असं ते बेधडक सांगत. गळ्यात शिट्टी असे, पण तिच्यातला मणी त्यांनीच काढून टाकला होता. शिट्टीवर जनावरं वळवायची, पोरींना नावानं हाक मारायची, असा त्यांचा हिशेब होता.

पावसाळ्यात चार महिने मैदान म्हणजे चिखल. तेव्हा लायब्ररीच्या व्हरांड्यात बिनचेंडूचा सराव चाले. दहा मुली रिकाम्या हातांनी धावत, पास देत, उड्या मारत. सर खांबाला टेकून ओरडत, "शेवंता, तुझा बॉल गेला बघ पन्हळीत. जा, आण." शेवंता खरोखर पावसात जाई, वाकून काहीतरी उचले आणि ओढणीला पुसत परत येई. कोणी हसत नसे. मला त्या सामन्यांचेही गुण लिहावे लागत. "मुनी, लिही. मंजीचे दोन." मी लिहायचे. ती पानं माझ्याकडे अजून आहेत. समोर कोणीच नसताना आम्ही एक सामना एकतीस विरुद्ध अठ्ठावीस असा जिंकला होता.

मंजी म्हणजे मंजुळा. सूर्यमाळच्या खालच्या एका पाड्यावरची, मुलींच्या वसतिगृहात राहणारी. ती उभी राहिली की इतर मुली बसल्यासारख्या वाटत. ती मोठ्याने हसे, मोठ्याने खाई, आणि मी गप्प बसते म्हणून माझ्यापाशी तासन्‌तास बोले. मला ती आवडायची आणि तिची थोडी भीतीही वाटायची.

आमच्या मैदानावर ती अर्ध्या झोपेतही चुकत नसे. पण बाहेरगावच्या सामन्यांत पहिला अर्धा वेळ तिचा एक चेंडू आत जाईल तर शपथ. मग दुसऱ्या अर्ध्यात एकदम हात बसे. सरांनी यावर एक सिद्धांत काढला होता, तो घाटाचा. "तिला घाट लागतो. पोट खाली उतरतं, पण नजर वरच राहते. तिला उतरायला दोन तास जास्त लागतात." म्हणून प्रत्येक सामन्याला जाताना मंजीला एस.टी.त सर्वांत पुढच्या सीटवर बसवलं जाई, तोंडात आवळा, आणि वळण आलं की सर मागून ओरडत, "डोळे मीट!" एकदा त्यांनी ड्रायव्हरला विनंती करून तिला घाटाची शेवटची दोन वळणं पायी उतरायला लावली. ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, तुम्ही पण उतरा, गाडीला तेवढीच मोकळीक." सर खरंच उतरले.

मला तो सिद्धांत पटत नव्हता. त्याचं कारण माझ्या वहीत होतं. नुसते गुण लिहून माझा वेळ जात नसे, म्हणून मी चुकलेल्या प्रत्येक चेंडूपुढे एक छोटा बाण काढायचे. कमी पडला तर खाली, लांब गेला तर वर. मंजीच्या बाहेरगावच्या पानांवर पहिल्या अर्ध्यातले सगळे बाण वर होते. घाट लागलेल्या माणसाचे बाण असे एका दिशेला का जातील?

हे मी कोणालाही बोलले नाही. आणि कदाचित कधीच बोलले नसते, पण दिवाळीच्या आधी ते पत्र आलं.

मुलींची एक नवी लीग सुरू झाली होती. तिच्यातल्या मुंबईच्या एका संघाने कॉलेजच्या खेळाडूंसाठी निवड चाचणी ठेवली होती. सरांनी मंजीचं नाव आणि माझ्याकडून इंग्रजीत लिहून घेतलेला अर्ज पाठवला होता, आणि तिला बोलावणं आलं. निवड झाली तर करार, मुंबईत राहायची सोय, रोजचा सराव. नाही झाली तर काय, ते मंजीनेच मला सांगितलं. तिचे वडील दरवर्षी दिवाळीनंतर कुटुंब घेऊन वीटभट्टीवर जात. यंदा आई आजारी होती आणि कामाला हात कमी होते. मुकादमाची गाडी चाचणीच्या दुसऱ्याच दिवशी खोडाळ्याच्या नाक्यावर लागणार होती.

"बा बोलला, निवड झाली तर ऱ्हा. नाय तर गाडीत बस. कालेज पुरं झालं." हे सांगताना ती चणे खात होती. "चांगला हाय बा माझा. दुसऱ्या कुनाचा इतकं पन बोलला नसता."

पत्रासोबत चाचणीचा तपशील होता. आधी वीस फ्री थ्रो, मग दहा मिनिटांचा खेळ. म्हणजे हात बसायला दुसरा अर्धा वेळ तिथे मिळणारच नव्हता. खाली नियमांचा एक परिच्छेद होता आणि त्यात रिंगची उंची दिली होती. दहा फूट. मी तो आकडा पुन्हा वाचला.

कारण मला खांबावरचा पट्टा आठवला.

आमचं मैदान उतारावर आहे. दर पावसाळ्यात वरचा मुरूम वाहून जातो आणि खांब उघडे पडतात. किती भर घालायची हे कळावं म्हणून सरांनी फार पूर्वी खांबावर पांढऱ्या रंगाचा पट्टा मारला होता. पट्ट्यापर्यंत मुरूम भरला की रिंग बरोबर दहा फुटांवर. पण पावसाने तो पट्टाही पुसट व्हायचा, शेवाळाने झाकला जायचा. म्हणून दरवर्षी खंडेनवमीला, मुरूम भरून झाला की, सर खांबाची पूजा करत. चेंडू, बिनमण्याची शिट्टी आणि खांब. झेंडूचा हार, कुंकू, नारळ. आणि शेवटी स्वतः मांडी घालून बसून ते नवा पट्टा मारत. मी तीन वर्षं ते पाहिलं होतं. मुरूम दरवर्षी थोडा कमीच पडायचा, एकच ट्रॉली मिळायची. आणि सर नवा पट्टा मारत तो जमिनीला टेकवून. जुना कुठे होता ते कोणी खरवडून पाहत नसे. जमीन पट्ट्यापर्यंत यायला हवी होती. आमच्याकडे पट्टा जमिनीपर्यंत जात होता, दरवर्षी बोटभर.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी यायच्या आत मी सुतळीला दगड बांधला आणि रिंगवरून टाकला. तेराव्या वेळेला तो पलीकडे पडला. सुतळी जमिनीपासून रिंगपर्यंत ताणून गाठ मारली आणि घरी येऊन आईच्या शिवणकामाच्या फितीने मोजली. तीनदा मोजली. दहा फूट सात इंच.

अकरा दिवस उरले होते.

ती सुतळी मी दोन दिवस दप्तरात घेऊन फिरले. सांगितलं तर सरांचं काय होईल? गेल्या दहा वर्षांतल्या सगळ्या मुली त्यांनी चुकीच्या रिंगवर शिकवल्या होत्या. मंजीचं काय होईल? आधीच झोपत नव्हती. वसतिगृहाला दिवाळीची सुट्टी लागली म्हणून ती आमच्याकडे राहायला आली होती. माझ्या शेजारीच गादी टाकून पडायची आणि दोन्ही हात वर करून छताकडे न दिसणारा चेंडू टाकत राहायची. मी डोळे मिटून घ्यायचे. न सांगितलं तर तिचे बाण वर जातील आणि ती गाडीत बसेल. आई म्हणाली, "तुला ताप आहे का गं?" मी नाही म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सर जिमखान्याच्या खोलीत चेंडूंत हवा भरत होते. मी आत गेले आणि सुतळी त्यांच्या हातात ठेवली.

"हे काय?"

"रिंग," मी म्हटलं.

त्यांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी गाठी चाचपल्या, मग हातभर हातभर करून सुतळी मोजली. "सुतळी ताणते," ते म्हणाले.

"तीनदा मोजलं."

"मंजीला सांगितलंस?"

"नाही."

"आणि कोणाला?"

"कोणालाच नाही."

त्यांनी सुतळी खिशात घातली, चेंडू तसाच अर्धवट ठेवला आणि खोलीला कुलूप लावून निघून गेले. दुसऱ्या दिवशी ते मैदानावर आले नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. फोन लागत नव्हता. मंजी एकटीच चेंडू टाकत राहिली आणि एकही चुकली नाही. ते पाहून मला रडू येत होतं.

"सरांना काय झालं?" ती विचारी.

मी खांदे उडवी. मीच त्यांना घालवलं, असं मला वाटत होतं.

मग एका सकाळी आम्ही मैदानाकडे निघालो तर वरून काहीतरी घासत येत असल्याचा आवाज आला. सर आणि कॉलेजचे शिपाईमामा वर्गातला लाकडी प्लॅटफॉर्म ओढत आणत होते. फळ्याखाली असतो, ज्यावर उभं राहून प्राध्यापक शिकवतात, तो. दोन आधीच फ्री थ्रोच्या रेषेवर मांडलेले होते. एकावर अजून खडूची भुकटी होती.

"प्राचार्यांना विचारलं नाय," शिपाईमामा मला म्हणाले, जणू मी चौकशी करणार होते. "सुट्टीत प्राचार्य नसतात आणि प्लॅटफॉर्मवर शिकवणारा पण कोण नसतो. मंग ते काय झोपून ऱ्हाणार?"

सरांनी सुतळी काढून एका प्लॅटफॉर्मची उंची मोजली. सात इंचांना थोडा कमी. त्यांनी खाली एक फळी सारली. मग मंजीसमोर उभे राहिले.

"बाय, आपली रिंग वर गेली हाय," ते म्हणाले. एरवी ते आमच्याशी शाळेतलं मराठी बोलायचा प्रयत्न करत, त्या दिवशी केला नाही. "म्याच नेली."

मंजी चप्पल काढत होती. तिने वर पाहिलंही नाही. "ठावं हाय, सर."

"कवापासून?"

"पैल्या सालापासून. वसईला गेल्तो तवा. तिकडची रिंग बुटकी दिसली."

"मंग बोलली का नाय?"

मंजी माझ्याकडे पाहून हसली आणि मग त्यांच्याकडे. "तुमी फुलं वाहता ना तिला, सर. कसं बोलायचं?" मग चप्पल बाजूला सारत ती म्हणाली, "मला ठावं हाय, पर हाताला ठावं नाय. तो आपल्याच रिंगवर जातो."

सरांनी तिला प्लॅटफॉर्मवर चढायची खूण केली. ती चढली, दोन्ही हात कमरेवर ठेवून मैदानाकडे बघितलं आणि म्हणाली, "आज काय शिकवू? जीवशास्त्र?"

"हाताला शिकव. गप."

त्यांनी पाठ केली. पहिला चेंडू, धप्प. दुसरा, धप्प. पंचवीस चेंडू फळीवर आपटले आणि प्रत्येक आवाजाला सरांची मान थोडी खाली गेली. मी वहीत बाण काढत होते. सगळे वर. सहा दिवस तेच चाललं. चौथ्या दिवशी बाण मिसळायला लागले. सहाव्या दिवशी काही जागा बाणाविना राहिल्या, म्हणजे चेंडू आत, पण पुरेशा नाहीत. मला ते दिसत होतं, सरांना ऐकू येत होतं, आणि आम्ही दोघंही मंजीसमोर बोलत नव्हतो.

मुंबईला मीही गेले, कारण फॉर्म इंग्रजीत भरायचे होते. घाटात सर मागच्या सीटवर बसले होते. वळण आलं तरी त्यांनी "डोळे मीट" म्हटलं नाही. मंजीने दोनदा मागे वळून पाहिलं. मग स्वतःच डोळे मिटले.

तो हॉल बंद होता, गुळगुळीत लाकडाचा, आणि एकाच वेळी सहा रिंगांवर मुली खेळत होत्या. बूट किंचाळत होते. मंजीचा क्रमांक आला. सरांनी सवयीने रिंगकडे पाठ केली. पहिला चेंडू गेला. सरांनी कान टवकारले, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी विसरणार नाही. सहा रिंगांचे, सहा फळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळले होते. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

त्यांना वळता आलं असतं. ते वळले नाहीत.

"मुनी," ते म्हणाले. "काय झालं?"

वही दाखवून भागणार नव्हतं, ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. मला बोलावं लागलं, आणि त्या गोंगाटात मोठ्याने.

"लांब."

"आता?"

"लांब."

"आता?"

"आत!" आजूबाजूच्या मुलींनी वळून पाहिलं. माझे कान तापले. पण पुढचा चेंडू सुटला होता. "आत. लांब. आत. रिंगला लागून आत."

वीसपैकी अकरा. शेजारच्या रिंगवर एक मुलगी सतरा टाकून गेली होती. मी आकडा सांगितला तेव्हा सरांनी नुसती मान डोलावली आणि खिशात हात घातला. ती सुतळी अजून तिथेच होती. मला नाक्यावरची गाडी दिसायला लागली.

मग दहा मिनिटांचा खेळ झाला. चेंडू रिंगवर आदळून वर उडाला की सगळ्या मुली त्याच्यासाठी उड्या मारत, आणि प्रत्येक वेळी त्या सगळ्यांच्या वर एक हात जाई. मंजीचा. इतर मुलींच्या उड्या जिथे संपत, तिथून तिची आणखी वीतभर वर. तिला ते जाणवतही नव्हतं. ती तिच्या नेहमीच्या रिंगपर्यंत उडी मारत होती. मी पहिल्यांदा वहीत लिहायचं विसरले.

संध्याकाळी यादी वाचली. बारा नावं. अकरावं वाचून झालं तोवर मंजीने माझं मनगट इतकं दाबलं होतं की दुसऱ्या दिवशी वळ उमटले. बारावं तिचं होतं.

तिथल्या प्रशिक्षक बाई सरांजवळ आल्या आणि इंग्रजीत बोलल्या. मी सांगितलं, "सर, त्या म्हणतात नेम साधारण आहे, तो बसवता येईल. पण ही उडी हिला कुठे शिकवली?"

सरांनी बराच विचार केला. "सांग त्यांना, उतारावर."

परतताना गाडीत मंजी वडिलांशी फोनवर बोलत होती. एकाच वेळी हसत आणि रडत, तिच्या घरच्या बोलीत, जी मला अर्धीच कळते. सर खिडकीबाहेर बघत होते. मग ते हळूच म्हणाले, "मुनी, माझी चूक निवडली त्यांनी." अभिमानाने म्हणाले की लाजून, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. मी रिंगवरून सुतळी सोडली, दहा फुटांवर खूण केली आणि जमिनीच्या सात इंच वर पांढरा पट्टा मारला. यंदाचा सगळा मुरूम याच रिंगखाली, त्या पट्ट्यापर्यंत भरायचा होता. दुसऱ्या खांबाकडे वळले तर सर म्हणाले, "ती ऱ्हाऊ दे. या रिंगवर नेम शिकायचा. त्या रिंगवर उड्या." मग दोन्ही खांबांना हार घातला.

मी जव्हार सोडायच्या आदल्या आठवड्यात मंजीचा सामना होता. पहिले चार सामने ती बाकावरच होती. कराराची मुदत मोसमाअखेरपर्यंत, पुढचं तिथल्या लोकांच्या मर्जीवर. या पाचव्या सामन्यात तिला शेवटच्या मिनिटांत आत घेतलं. जिमखान्याच्या खोलीत मी फोन चेंडूंच्या जाळीला टेकवून ठेवला होता. तिच्या संघाचा एक गुण कमी होता आणि मंजी फ्री थ्रोच्या रेषेवर आली. दोनदा चेंडू आपटला. सरांनी फोनकडे पाठ केली.

चेंडू तिच्या हातून सुटला, आणि नेटवर्क गेलं. चित्र तिथेच थांबलं.

"मुनी, काय झालं?"

"थांबलंय, सर. चेंडू वरच आहे."

ते काही वेळ तसेच उभे राहिले, भिंतीकडे तोंड करून. ऐकण्यासारखं काहीच नव्हतं. मग ते सावकाश वळले, चष्मा सदऱ्याला पुसला आणि माझ्या शेजारी स्टुलावर बसून त्या थांबलेल्या चेंडूकडे बघत राहिले.

"जातोय," ते म्हणाले. "आत जातोय तो."